मोनेमवासिया (ग्रीस): समुद्रातल्या कातळावरचं तटबंदीचं गाव. जाणं, राहणं, चढणं याबद्दल माहिती हवी

बुरुजबंदी:
ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला, लाकोनिया जिल्ह्यात मोनेमवासिया आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात अथेन्सहून तिथे जायचा बेत आहे. सोबत सत्तरीतले आईबाबा. बाबांचा एक गुडघा दुखरा, आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणं जमेल का? राहायचं तर किल्ल्यात की बाहेर? वरच्या किल्ल्याची चढण कितपत अवघड आहे? आणि वाऱ्याबद्दल बरंच ऐकलंय, त्याचा खरंच त्रास होतो का? फोटो सगळीकडे सापडतात, माहिती मात्र तुटक मिळते, म्हणून धागा काढला.

सह्यकडा:
एका दिवसाचं डोक्यातून काढून टाका. अथेन्सहून सुमारे 300 किमी आहे. गाडीने एका बाजूला चार तास धरा, बसने पाच-सहा. जाऊन येण्यातच दिवस संपेल आणि वाट्याला भर दुपार येईल, म्हणजे तिथली सगळ्यात वाईट वेळ.

आधी जागेची रचना समजून घ्या, बाकीचं आपोआप सुटेल. किनाऱ्यावरचं आजचं साधं गाव म्हणजे गेफिरा. तिथून साधारण 200 मीटरचा बांध आणि त्यावरचा छोटा पूल ओलांडला की कातळ. इ.स. 375च्या भूकंपात हा कातळ मुख्य भूमीपासून तुटला असं सांगतात. बांध ओलांडल्यावर डावीकडे कडा आणि उजवीकडे समुद्र ठेवून रस्ता जातो. वाटेत दफनभूमी लागते. ग्रीक कवी यानिस रित्सोस (1909-1990) यांना तिथे पुरलेलं आहे. त्यांचा जन्मही याच गावचा, घर पश्चिम दरवाजाजवळ. गेफिरापासून दरवाजापर्यंत पायी वीसेक मिनिटं, रस्ता डांबरी आणि जवळजवळ सपाट.

किनाऱ्यावरून गाव अजिबात दिसत नाही. दिसतो तो नुसता उघडा कातळ आणि कड्यावर तटाची एखादी रेघ. वस्ती पलीकडच्या, दक्षिणेच्या कुशीत लपलेली आहे. बरेच जण गेफिरात उभे राहून "हेच का ते?" म्हणतात. दरवाजातून आत पाऊल टाकेपर्यंत काही कळत नाही.

आत दोन भाग. खालचं गाव तटाच्या आत, कडा आणि समुद्र यांच्यामधल्या उतारावर. वरचं गाव पठारावर. पठार सुमारे 1 किमी लांब, रुंदी जास्तीत जास्त 300 मीटर, समुद्रापासून शंभरेक मीटर उंच. खाली आजही हॉटेलं आणि माणसं आहेत, वर फक्त अवशेष.

लालपरी:
प्रवासाचं सांगतो.

बस: अथेन्समधल्या किफिसोस स्थानकातून लाकोनिया केटेलच्या (तिथली बससेवा) गाड्या सुटतात. त्या स्पार्तीमार्गे जातात आणि काही फेऱ्यांना स्पार्तीत गाडी बदलावी लागते. तिकीट काढतानाच "थेट आहे की बदल आहे" हे विचारा. परतीचं वेळापत्रक गेफिरात उतरल्या उतरल्या बघून ठेवा. फेऱ्या मोजक्याच असतात, रविवारी आणखी कमी. किफिसोस स्थानक अथेन्सच्या मेट्रोवर नाही, तिथवर शहर बस किंवा टॅक्सीने जावं लागतं.

गाडी: अथेन्स-कोरिंथ-त्रिपोली-स्पार्ती हा टप्पा बहुतेक द्रुतगती मार्गाचा आणि टोलचा. टोलनाके थोड्या थोड्या अंतरावर आहेत, सुट्टे युरो हाताशी ठेवा. स्पार्तीनंतर स्काला, मोलाई, सिकेआ आणि मोनेमवासिया हा साधा दुपदरी रस्ता, शंभरेक किमीच्या आत, पण वळणांचा. नकाशावर दिसतं त्यापेक्षा वेळ जास्त लागतो. पेट्रोल मोलाईतच भरून घ्या, संध्याकाळनंतर पुढचे पंप बंद असण्याची शक्यता असते. तिकडे मागून वेगात येणाऱ्याला वाट द्यायला लोक गाडी उजवीकडच्या कडेच्या पट्टीवर घेतात. तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते, नाहीतर मागचा अगदी बंपरला चिकटून चालवतो.

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून निघण्यापूर्वी काढा (मुदत एक वर्ष) आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. गाडी भाड्याने घेताना अनामत रक्कम अडकवायला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिटवर बरेच जण अडवतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, आधी नोंदवा. उजव्या बाजूने चालवताना डाव्या हाताने गिअर शोधण्याची सवय घाटात गोंधळ घालते, तेव्हा ऑटोमॅटिकसाठी जास्त पैसे गेले तरी चालतील.

जुन्या प्रवासपुस्तकांत पिरेयसहून वेगवान बोट दिसेल. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

घारीचा डोळा:
पार्किंगचं राहिलं. तटाच्या आत कुठलंही वाहन जात नाही, सामान हातगाडीवर किंवा जनावराच्या पाठीवर जातं. बांधापासून दरवाजापर्यंत रस्त्याच्या एका कडेला गाड्या लावतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी जागा मिळते, दिवसा नाही. दरवाजाशी वळायला जागा कमी आहे, त्यामुळे "पुढे जाऊन बघू" करणारे तिथेच अडकतात. त्यापेक्षा गाडी गेफिरात लावा आणि चालत जा. हंगामात गेफिरा ते दरवाजा अशी छोटी बसही फिरते, बाबांसाठी तीच बरी.

मीठभाकर:
किल्ल्यात राहावं असं मी ठामपणे म्हणेन. दहा-अकराला बसगाड्यांतून माणसं उतरतात, पाच-सहाला परततात. त्यानंतरचं आणि पहाटेचं गाव पूर्णपणे वेगळं. दिवसाउजेडी मुख्य गल्लीत खांद्याला खांदा लागतो. घरं जुनीच दुरुस्त केलेली आहेत. 1960च्या दशकापासून कालिगास या वास्तुविशारद दांपत्याने इथली बरीच घरं जुन्या पद्धतीने उभी केली. त्यामुळे खोल्या कमानीच्या छताच्या, भिंती हातभर जाड, खिडक्या लहान.

लालपरी:
@मीठभाकर, तरुणांसाठी मान्य. दुखऱ्या गुडघ्याला मात्र नाही. दरवाजापासून हॉटेलपर्यंत दगडी फरसबंदी आणि पायऱ्या. खोलीत शिरल्यावरही पुन्हा पायऱ्या, कधी झोपायचा भाग माडीवर आणि जिना शिडीसारखा. चाकांची बॅग त्या दगडांवर दहा पावलंही धड चालत नाही. गेफिरात लिफ्टची हॉटेलं, औषधाचं दुकान, किराणा, एटीएम सगळं आहे आणि भाडंही कमी. हॉटेलच्या दर्जानुसार ग्रीसमध्ये प्रत्येक रात्रीची एक सरकारी आकारणी खोलीमागे वेगळी द्यावी लागते. ती बहुधा आरक्षणाच्या रकमेत नसते, काउंटरवर मागतात.

मीठभाकर:
मग मधला मार्ग. किल्ल्यातच, पण पश्चिम दरवाजाजवळची, मुख्य गल्लीच्या पातळीवरची खोली घ्या. आरक्षण करताना तीन प्रश्न लेखी विचारा: दरवाजापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, खोलीच्या आत जिना आहे का, आणि दरवाजातून सामान न्यायला माणूस येतो का. आकडा सांगायला टाळाटाळ केली की पुढचं हॉटेल बघा. दोन रात्रींसाठी लागेल तेवढंच पाठपिशवीत भरा, मोठी बॅग गाडीत राहू दे.

चुनासुरखी:
दुर्गप्रेमींनी इथे बघायची खरी गोष्ट म्हणजे पाणी. या कातळावर झरा नाही. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत, गोड पाणी भर समुद्रात मिळतं. इथे ती चैन नाही. जे काय होतं ते पावसाचं, आणि अख्खं गाव त्या पावसाभोवती बांधलेलं आहे.

घराकडे वरून खाली बघा. कौलारू छप्पर, त्याच्या कडेने पाणी गोळा करणारी पन्हळ, तिथून भाजक्या मातीचे नळ भिंतीतून खाली येतात, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर कमानीच्या छताची टाकी. टाकीचं तोंड घराच्या आत, दोर घासून काठ गुळगुळीत झालेला. राहायची जागा वरच्या मजल्यावर. सपाट गच्च्या असतील तर त्यांचाही उतार टाकीकडे. कित्येक हॉटेलांत ही टाकी आता न्याहारीची खोली झाली आहे. विचारलंत तर दाखवतात.

टाकीच्या आतला गिलावा गुलाबीसर दिसेल. तो चुन्यात कुटलेली कौलं-विटा मिसळून केलेला, म्हणजे आपली सुरखी. ग्रीकमध्ये तिला कुरासानी म्हणतात. नुसता चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू कडक होतो, ओल्यात तो कच्चाच राहतो. भाजलेल्या मातीची पूड घातली की तिच्यातली सिलिका चुन्याबरोबर बांधली जाते आणि मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं. म्हणूनच टाक्या शतकानुशतकं टिकल्या. जिथे कुणी सिमेंटने डागडुजी केली तिथे उलट झालं. सिमेंट ओल अडवून धरतं, खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ आतच साचतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि मागचा मऊ दगड भुगा होऊन गळतो. तटाच्या समुद्राकडच्या बाजूला असे पोखरलेले दगड हाताच्या अंतरावर दिसतील. बोट लावून बघू नका, खपल्या निघतात.

वरच्या पठारावर सार्वजनिक मोठ्या टाक्या आहेत आणि बाकी अवशेषांत खासगी टाक्या जागोजागी. हे नीट वाचा: काहींची तोंडं उघडी आहेत, गवताने झाकलेली. पायवाट सोडून फोटोसाठी मागे मागे जाणं हा तिथला सगळ्यात मोठा धोका, कड्यापेक्षाही.

दस्तऐवज:
पाण्यावरून आठवलं. हा किल्ला हल्ल्याने सहसा पडला नाही, पडला तो उपासमारीने. वस्ती सहाव्या शतकाच्या अखेरीची, परंपरेने 583. स्लाव्ह आणि अवार टोळ्यांपुढून हटलेले लाकोनियातले लोक इथे आले. तेराव्या शतकात फ्रँक (पश्चिम युरोपीय) सरदार गिलोम द विलार्दुअँ याने व्हेनिसच्या जहाजांची मदत घेऊन समुद्रही बंद केला, तरी गाव तीन वर्षं झुंजलं. मांजरं-उंदीर खाऊन झाल्यावर साधारण 1249 मध्ये मामोनास, दाइमोनोयान्निस आणि सोफियानोस या तीन घराण्यांच्या प्रमुखांनी किल्ल्या दिल्या. पुढे 1259च्या पेलागोनियाच्या लढाईत विलार्दुअँ बायझंटाइनांच्या हाती लागला. गवतात लपला होता, पुढे आलेल्या दातांवरून ओळखला अशी कथा आहे. सुटकेची किंमत म्हणून 1262 मध्ये त्याला मोनेमवासिया, मिस्त्रास आणि मैना हे किल्ले सोडावे लागले.

नंतर 1464 ते 1540 व्हेनिस, मग तुर्क, 1690 ते 1715 पुन्हा व्हेनिस, पुन्हा तुर्क. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात चारेक महिन्यांच्या वेढ्यानंतर 23 जुलै 1821 रोजी शरणागती झाली, कारण तेच: अन्न संपलं. 23 जुलैला दरवर्षी उत्सव असतो, बंदरात बोट पेटवतात. त्या दिवसांत खोली मिळेल या आशेवर राहू नका.

पश्चिम दरवाजात थांबून बघा. दारं लोखंडी पत्र्याने मढवलेली, त्यावर गोळ्यांचे खळगे आहेत. आतला मार्ग काटकोनात वळतो, त्यामुळे ओंडक्याने धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही. गोमुखी दरवाजाची सवय असलेल्या डोळ्यांना हेतू लगेच कळेल, फक्त इथे वळण छपराखाली आहे.

वारावादळ:
वारा आणि चढण, दोन्हीचं एकत्र लिहितो, कारण ते वेगळे करता येत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. खालचं गाव कड्याच्या दक्षिणेला असल्याने ओटीत बसल्यासारखं सुरक्षित असतं, पान हलत नाही. तीच वेळ वर पठारावर टोपी आणि चष्मा उडवून नेणारी. म्हणजे खालून अंदाज येतच नाही. दक्षिणेचा वारा सुटला की उलट: लाटा थेट तटावर, गल्ल्यांत खारे तुषार, आणि अशा हवेत पाऊसही येतो. मे महिन्यात दोन्ही प्रकार संभवतात. अंदाज बघताना नुसता वेग बघू नका, दिशा बघा.

चढण खालच्या गावाच्या माथ्यापासून सुरू होते. फरसबंदीची, पायऱ्यापायऱ्यांची नागमोडी वाट. तंदुरुस्त माणसाला 15-20 मिनिटं. शेवटी कमानीचा लांब, अंधारा दरवाजा लागतो, तिथे श्वास घ्यायला सावली मिळते. वाटेवर दुसरी सावली नाही. दगड शेकडो वर्षं झिजून काचेसारखे झालेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना घसरतात, आणि पावसानंतर तर उतरूच नये. चपला नकोत. मऊ रबरी तळव्याचे बूट हवेत, कडक तळव्याचे ट्रेकिंग बूट उलट जास्त घसरतात.

बाबांसाठी: पहिल्या दोन-तीन वळणांपर्यंत न्या. गावाची कौलं, घुमट आणि समुद्र तिथूनच पुरेसे दिसतात. तिथून पुढे जायचं की परतायचं हे उतरण्याचा विचार करून ठरवा. वाट दक्षिणमुखी, दिवसभर ऊन. सकाळी आठच्या आत निघा किंवा सूर्यास्ताआधी दोन तास, आणि अंधाराच्या आत खाली या, वर दिवे नाहीत. माणशी दीड लिटर पाणी, वर काहीही विकत मिळत नाही.

वर आया सोफिया हे चर्च चुकवू नका. उत्तर कड्याच्या अगदी टोकावर, आठ आधारांवर तोललेला घुमट. दाराला कधी कुलूप असतं, तरी बाहेरून दगड-विटांचं काम बघण्यासारखं आहे. पुढे पठाराच्या उंच भागात छोट्या बालेकिल्ल्याचे अवशेष. कड्याला कठडा नाही, मुलं असतील तर हात धरूनच.

दस्तऐवज:
आया सोफियाबद्दल एक भर. अनेक ठिकाणी "सम्राट आंद्रोनिकस दुसरा याने बांधलं" असं छापलेलं असतं. ते जुनं मत. आता बाराव्या शतकातलं मानतात. तुर्कांच्या काळात तिथे मशीद होती.

कोरडा शिधा:
शाकाहाराचं टेन्शन घेऊ नका, पण शब्द नीट वापरा. "व्हेजिटेरियन" म्हटलं की काही ठिकाणी मासे चालतात असं समजतात. "खोरिस क्रेआस, खोरिस प्सारी" म्हणजे मांस नको, मासे नको. अंड्यासाठी "खोरिस अव्गा". ग्रीक लोकांच्या उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात, त्यात दूध-अंडी-मांस नसतं. पण कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांच्या नियमात त्यांना रक्त नाही. तेव्हा निस्तीसिमो ऐकून निर्धास्त होऊ नका.

हमखास चालणारे: खोर्ता (उकडलेल्या पालेभाज्या, तेल-लिंबू), गिगान्तेस (भट्टीतले मोठे पांढरे घेवडे), फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण), फासोलाकिया (ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या शेंगा), ब्रिआम (भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्या). इथलं खास म्हणजे साइती: पातळ पोळीत पालेभाजी आणि चीज भरून तव्यावर भाजतात. सारणात अंडं आहे का ते विचारा. भरलेले टोमॅटो-मिरची आणि द्राक्षाच्या पानांचे डोल्मे यात कधी खिमा असतो. गोड म्हणजे आमिग्दालोता, बदामाचं. त्यातही काही जण अंड्याचा पांढरा घालतात.

वाईन घेणारे असाल तर मोनेमवासिया-माल्वासिया असं लिहिलेली गोड वाईन मागा. मध्ययुगात याच बंदरावरून युरोपभर गेलेल्या गोड वाईनला माल्वासिया नाव पडलं, इंग्रजांनी त्याचं माल्मसी केलं. द्राक्षं उन्हात सुकवून करतात. 2010 पासून नावाला प्रदेशाचं संरक्षण आहे आणि किमान 51 टक्के मोनेमवासिया जातीची द्राक्षं लागतात. पेला छोटा घ्या, साखर बरीच असते.

बुरुजबंदी:
खूप आभार सगळ्यांचे! दोन रात्री, दरवाजाजवळची खोली, असं ठरतंय. बाबा खाली थांबतील तेव्हा त्यांनी काय बघावं? आणि पोहता येतं का?

सह्यकडा:
खालच्या गावात त्यांचा अर्धा दिवस आरामात जाईल. मुख्य गल्लीने चौकात यावं. तिथे तोफ, एल्कोमेनोस ख्रिस्तोसचं मोठं चर्च आणि समोरच्या जुन्या मशिदीत छोटं वस्तुसंग्रहालय आहे. चर्चमधलं क्रूसारोहणाचं चौदाव्या शतकातलं चित्र 1979 मध्ये चोरीला गेलं होतं. सापडल्यावर बरीच वर्षं अथेन्समध्ये राहिलं आणि 2011 मध्ये परत आलं. ते जरूर बघावं. चौकातून उताराने समुद्रतटाकडे गेलं की ख्रिसाफीतिस्साचं पांढरं चर्च, समोर मोकळं पटांगण, बसायला कट्टा. फक्त परतीची चढण हळूहळू.

वारावादळ:
पोहायला पोर्तेल्लो. समुद्राकडच्या तटातला छोटा दरवाजा, बाहेर खडक आणि पाण्यात उतरायला शिडी. वाळू नाही, पाणी पहिल्या पावलापासून खोल. खडकावर समुद्री साळिंदरं असतात, काटा पायात मोडला की चिमट्यानेही नीट निघत नाही, म्हणून पाण्यातले रबरी बूट घाला. उत्तरेचा वारा असेल तर पाणी शांत. दक्षिणेचा असेल तर उतरू नका, लाट शिडीवर आपटते आणि बाहेर यायला दुसरी जागा जवळ नाही. मेमध्ये पाणी गारच असतं.

आणखी चालायचं असेल तर पूर्व दरवाजातून बाहेर पडून टोकाच्या दीपगृहापर्यंत जा. वाट कातळाची, मोकळी, वारा अंगावर घेणारी.

घारीचा डोळा:
वर जायला रोपवेचा प्रस्ताव आला होता, त्यावर बराच वादही झाला. जुन्या बातम्या वाचून बाबांसाठी "रोपवे असेल" असं गृहीत धरू नका.

लालपरी:
जाता जाता मिस्त्रास घ्याच, स्पार्तीच्या शेजारीच आहे. विलार्दुअँनेच 1249 मध्ये बांधलेला किल्ला, खाली उतारावर बायझंटाइन शहर. त्याला दोन प्रवेशद्वारं आहेत, वरचं आणि खालचं, तिकीट एकच. बाबांना वरच्या दरवाजाशी उतरवा, तिथलं वरचं आया सोफिया चर्च आणि राजवाड्याचा भाग बघून ते गाडीने खाली येतील. तुम्ही पायी उतरत खालच्या दरवाजाशी या. तिकीट जपून ठेवा, खालून पुन्हा आत शिरायचं असेल तर दाखवावं लागतं. अथेन्सहून सकाळी सातला निघालात तर अकरापर्यंत मिस्त्रास, दोनला जेवून पुढे, आणि उजेड असतानाच गेफिरा.